तिकाटण्याचा खांब

कोयत्याचा पहिला घाव हंबीररावाच्या उजव्या हातावर बसला. दोन बोटं तुटून टेबलावरच्या कागदांत पडली आणि शाळेच्या त्या खोलीत एकच पळापळ झाली. कराडहून आलेले विजेचे साहेब भिंतीला चिकटले. बाकीचे तिन्ही सरपंच मानसिंगाला धरायला धावले. एकाच्या छातीत त्यानं लाथ घातली, दुसऱ्याचं डोकं फळ्यावर आदळलं. तिसरे लालासाहेब, वयानं सगळ्यांत थोरले. ते मात्र त्याच्या कमरेला मिठी मारून लटकले, सोडेनातच.

निमित्त झालं एका खांबाचं. पण वैराला कुठं मोठं निमित्त लागतं?

मानसिंग तांबेवाडीचा सरपंच, वय उणंपुरं पंचवीस. आठ वर्षांपूर्वी त्याचा बाप दोन गावांच्या शिवेवर, तीन वाटा मिळतात त्या तिकाटण्यावर, डोकं फुटून मेला. काठी बेलवाडीच्या हंबीररावाची, हे शेंबडं पोरही सांगत होतं. पण कोर्टात साक्षीला कोणी उभं राहिलं नाही आणि हंबीरराव सुटला. नुसता सुटला नाही, पुढं आपल्या गावचा सरपंच झाला. ह्याला म्हणायचं न्याय! मग मानसिंगानं आपला न्याय आपणच सुरू केला. हंबीररावाचा उभा ऊस दोनदा पेटवला. त्याच्या भावाला भर बाजारात गाठून गुडघा मोडला. तो अजून लंगडतो. एवढं होऊनही हंबीरराव एकदाही पोलिसात गेला नाही. भितो मेला, असं मानसिंग चारचौघांत सांगायचा.

अशात ही वीज आली. कोयनेची तार डोक्यावरून मुंबईकडं निघालेली आणि खाली गावं रॉकेलवर. एकट्या गावानं वीज मागावी तर दर असा, की घरपट्टी दुप्पट करूनही भागलं नसतं. तेव्हा हंबीररावानंच डोकं लढवलं. पाच ग्रामपंचायतींनी मिळून एकच करार करायचा, पाची गावांची वीज एकठोक घ्यायची. दर निम्म्यावर आला. अट एवढीच, की पाची सह्या हव्यात. एक गाव सुटलं की करार बुडाला. तांबेवाडीनं मानसिंगामागं धोशा लावला. तुमचं वैर तुमच्यापाशी ठेवा, त्यापायी आम्हाला अंधारात का बसवता, असं बाया त्याला पाणवठ्यावर अडवून विचारू लागल्या. शेवटी तो कबूल झाला. पण हंबीररावाशेजारी मोकळ्या हातानं बसवत नव्हतं, म्हणून येताना कोयता कमरेला लावून आला.

सह्यांच्या आधी साहेबांनी खांबांची यादी वाचली. शेवटचा खांब कुठल्याच गावातला नव्हता. तो तिकाटण्यावरचा होता. तिथं ना घर, ना देऊळ; कोल्ह्यांना वाचायला दिवा लावताय काय, असं एक सरपंच हसून म्हणाला. हंबीरराव हसला नाही. पाचांनी मिळून खर्च उचलावा, नाहीतर मी एकटा भरतो, पण खांब तिथंच पाहिजे, असं तो हट्टानं सांगू लागला. जिथं बाप मारला तिथंच हा आता दिवा लावून मिरवणार! मानसिंगाच्या डोळ्यांपुढं अंगार उभा राहिला आणि हात कमरेला गेला.

आता हंबीररावानं तुटक्या बोटांचा हात पटक्याच्या शेमल्यात गुंडाळला होता. शेमला बघता बघता लाल झाला. दार उघडं होतं, तरी तो पळाला नाही. टेबलावर सांडलेल्या रक्तात त्यानं डाव्या हाताचा अंगठा बुडवला आणि आपल्या नावापुढं उठवला.

"साहेब, बेलवाडीची सही झाली," तो म्हणाला. "खांब तेवढा खोडू नका."

मानसिंगानं लालासाहेबांना हिसडा देऊन बाकावर फेकलं. कोयता पुन्हा उचलला, ह्या खेपेला मानेसाठी. हंबीररावानं हात आडवा घातला नाही. मान खाली घालून तो नुसता उभा राहिला.

तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली आणि अंबूबाई आत आली, मानसिंगाची आई. घरात कोयता दिसेना तशी म्हातारी दीड मैल अनवाणी धावत आली होती. तिनं रडून गोंधळ घातला नाही. सरळ दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली, पोराच्या कोयत्याखाली.

"मानू, सही कर," ती म्हणाली.

"ह्यानं माझा बा मारला. आन मी सही करू?"

"व्हय, ह्यानंच मारला. तेराव्या दिवशी परड्यात यिऊन माझ्या पायावर पडला आन समदं बोलला. तुला सांगू नगं म्हणून म्याच त्याला भंडारा उचलून शपथ घ्याया लावली."

आठ वर्षं ही बाई त्याला भाकरी वाढत होती. तो ऊस पेटवून आला तरी गप्प, गुडघा मोडून आला तरी गप्प. आईचा त्याला भयंकर राग आला, हंबीररावाचा आला नव्हता एवढा.

"का?" त्यानं विचारलं.

अंबूबाईनं एकवार हंबीररावाकडं पाहिलं. मग ती पोराकडं वळली.

"शाळवाच्या कणसांना चोर लागलं हुतं, ह्यो राखणीला हुता. अंधारात मानूस दिसला तशी ह्यानं तीनदा हाक मारली, कोन हाय म्हणून. तू मुदतीच्या तापानं बेशुद्ध पडला हुतास, मानू. तुझ्यावरनं ववाळलेला उतारा घिऊन तुझा बा तिकाटण्याला निघाला हुता. आन उतारा नेणाऱ्यानं बोललं, तर ताप उतरत न्हाई."