फूटरेस्टमधल्या सुया

मेहुणा रणधीर मटणाची वाटी बाजूला सारून काकडी चावू लागला, तसा शहाजीने हातातला घास ताटात परत ठेवला.

तीन महिन्यांपूर्वी रणधीर मुलगी बघून निघाला. मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसताना फूटरेस्ट मोडला आणि तो मुलीच्या दारातल्या रांगोळीत पालथा पडला. "वजन उतरवा, मग बघू," असा निरोप आला. तेव्हापासून काकडी.

फूटरेस्ट शहाजी कामाला होता त्याच फाउंड्रीत ओतलेला. अ‍ॅल्युमिनियमच्या रसात चिमूटभर स्ट्रॉन्शियम टाकलं की आतलं सिलिकॉन बारीक राहतं. टाकायचं राहून गेलं, तर त्याच्या लांब सुया बनतात आणि सुयांच्या कडेने तडा पळतो. तपासणी शहाजीकडे होती. तो माल ओतला त्या दिवशी वडे गार होतील म्हणून त्याने मायक्रोस्कोपमध्ये न बघताच आधीच्या चांगल्या मालाचा फोटो रिपोर्टला चिकटवला होता. मोडका तुकडा नंतर गुपचूप तपासला, तेव्हा आत सुयाच सुया.

"रणधीर, तुझ्या वजनाचा दोष नव्हता रे. आमच्या धातूत सुया होत्या. मी बघितलंच नाही."

"दाजी, हे तिथं येऊन सांगा," रणधीर काकडी खाली ठेवत म्हणाला.

रविवारी मुलीच्या घरी शहाजी मांडीवर मायक्रोस्कोप आणि तो मोडका तुकडा घेऊन बसला. मुलीच्या वडिलांनी एक डोळा मिटून बराच वेळ सुया पाहिल्या, रणधीरला "जावईबापू" म्हटलं आणि मग शहाजीकडे वळले.

"असे किती गेले बाजारात?"

"चारशे."

समोरची पोह्यांची बशी शहाजीला उचलवेना.

"खाऊन घ्या," वडील म्हणाले. "अजून तीनशे नव्व्याण्णव घरं आहेत."