टाचेतला गळ

मासे विकून नरसिंग गोदावरीच्या काठानं अनवाणी घरी येत होता. पायामागून नायलॉनची दोरी फरफटत येतेय असं दिसलं म्हणून त्यानं वाकून बघितलं, तर कुणीतरी टाकून दिलेला गळ त्याच्या टाचेत रुतला होता.

त्याला शुगर होती. ह्याच दुखण्यानं त्याच्या थोरल्या भावाचा पाय आधी बधिर झाला आणि मागच्या साली गुडघ्यातून कापावा लागला होता. घरी आल्यावर टाचेतलं रक्त बघून त्याची बायको पार्वतीबाई हातातलं काम टाकून उठली.

"अहो, दवाखान्यात चला."

"कशाला? रोज माशाच्या तोंडातला गळ काढतीस, तसाच माझा काढ. फकस्त हळू काढ, लई दुखंल." त्यानं टॉवेलचा बोळा दातांत धरला, डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

माशाचा गळ ती मागं दाबून अलगद सोडवायची. इथं तो मागं ओढला असता तर त्याच्या उलट्या काट्यानं मांस फाटलं असतं. तिनं टाच साबणानं धुतली, गळाचं टोक पुढं रेटून कातडीबाहेर काढलं, पक्कडीनं काटा तोडला आणि उरलेली तार आल्या वाटेनं मागं काढून घेतली. रक्त पुसून तिनं वर बघितलं.


नरसिंगनं तोंडातला टॉवेल काढला. "अगं, कवाधरनं नुसती पाय धरून बसलीस? कर की आता सुरू."