दादाचा आकडा

“सेल काढलेत तुम्ही?”

धाकटीचा आवाज असा चढला की दुरुस्तीवाल्याच्या हातातला स्क्रू निसटून टेबलाखाली गेला.

“न काढता उघडू कसं, ताई? बटण बघा, नव्यासारखं झालंय. जुन्या रिमोटचं रबर बसवलंय. आधीचं पार झिजून गेलं होतं बिचारं.”

तिने ती खेळाची डबी चालू केली. राखाडी पडद्यावर पहिली वीट वरून सुटली. कोपऱ्यात, जिथे आजवरचा सर्वांत मोठा आकडा दिसायचा, तिथे शून्य होतं.

“आकडा कुठे गेला?”

“तो जायचाच. ही नकलेची नक्कल, ताई. सेल काढले की हिला काही आठवत नाही.” तो खाली वाकून स्क्रू शोधू लागला. “खेळा परत. येईल नवा.”

धाकटीला रडू फुटायचंच काय ते बाकी होतं. तो आकडा चौऱ्याऐंशी हजार सहाशे होता, आणि तो दादाचा होता. शेवटच्या आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने तो केला होता. तेव्हा ती शाळेत होती.

डबी तशी दीडदमडीचीच. पाठीवर ‘एकात नऊशे नव्याण्णव खेळ’ असं ठळक छापलेलं. प्रत्यक्षात खेळ एकच, पडत्या विटांचा. तोच कधी हळू, कधी जोरात, कधी उलटा. थापा माराव्यात त्याही किती! पण याच थापाड्या डबीवर दादाने तिला विटा रचायला शिकवलं होतं, आणि आता तिचं पोट त्याच विटांवर चालत होतं. फोनवरचे खेळ बनवणाऱ्या कचेरीत ती त्या जुन्या खेळाच्या नव्या तऱ्हा काढायची. एकीत विटा वितळायच्या, एकीत खालून वर जायच्या, एक तर डोळे मिटून नुसत्या आवाजावर खेळायची. मूळ खेळ ज्याला सुचला त्याला ती मनोमन हात जोडायची. “पोरं कितीही होऊ देत,” ती सोबत्यांना म्हणायची, “आईचं रूप लपत नाही.”

घरी मात्र त्या डबीला कोणी हात लावायचा नाही. ती फडताळात दादाच्या फोटोपाशी असायची. पुसणं, सेल घालणं, सगळं आईकडे. रोज सकाळी कामावर निघताना आई ती चालू करून आकडा बघायची. “आहे,” म्हणायची, बंद करायची आणि चपला घालायची.

खेळाशी आईचं देणंघेणं नव्हतं. काचसामानाच्या गोदामात ती खोकी भरायची. धाकटीने एकदा आपला नवा खेळ मोठ्या हौसेने दाखवला, तर म्हणाली, “दिवसभर तेच तर करते गं. घरी आणखी कशाला?”

डावं बटण हल्ली अडतं, असं आईच्याच तोंडून परवा निघालं होतं. तिला न सांगता दुरुस्त करून आणू, खूश होईल, असं धाकटीच्या मनात आलं. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

आई यायला अजून अवकाश होता. धाकटी घरी येऊन खिडकीपाशी बसली. विटा म्हणजे तिच्या हातचा मळ. कचेरीत तिला हरवणारा जन्माला यायचा होता. तोच आकडा पुन्हा उभा करायचा आणि डबी होती तिथे ठेवायची, की झालं. आईला कळायचं कारण नव्हतं.

पहिला डाव वीस हजारांतच आटोपला. दुसऱ्यात तिने कसेबसे तीस हजार गाठले. पुढे विटा अशा कोसळू लागल्या की बघावं की दाबावं, तेच समजेना. तिने घाम पुसला, बैठक बदलली, पुन्हा खेळली, पुन्हा हरली.

“दादा, कसं रे जमवलंस?” ती फोटोला म्हणाली. इतक्या वर्षांनी तिला त्याचं नव्याने कौतुक वाटलं. अंगात ताप, हाताला सुई, आणि तरी एवढा आकडा!

दारात किल्ली फिरली.

लपवाछपवी तिला कधी जमलीच नव्हती. आई पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच तिने सगळं एका दमात सांगून टाकलं आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. “तुला रोज बघायला तेवढंच तर होतं गं. आणि मला तो परत आणता येत नाही.”

आई रागावली नाही. डबी हातात घेऊन तिने डावं बटण दोनदा दाबून पाहिलं.

“चांगलं बसवलंय की,” ती म्हणाली. “रडू नकोस. सेल बदलले की जातोच तो. जा, चहा टाक.”

धाकटीने डोळे पुसले आणि चहा टाकला. बाहेरून बटणांचा आवाज येत होता. पावसाची सर पत्र्यावर वाजावी तसा, न थांबता. कप घेऊन ती दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. चष्मा नाकावर ओढून आई खिडकीपाशी बसली होती. तिच्या अंगठ्यांवर नजर ठरत नव्हती. विटा दगडासारख्या कोसळत होत्या आणि जिथल्या तिथे बसत होत्या. खोक्यात काचेचे पेले बसावेत तशा.

हातातला चहा कधीच निवून गेला.

पडद्यावर चौऱ्याऐंशी हजार सहाशे झाले. उजव्या कडेला एक उभी फट मोकळी होती आणि वरून नेमकी लांब वीट सुटली होती. आईने दोन्ही अंगठे बटणांवरून उचलले. वीट मधोमध पडली, तिच्यावर दुसरी, मग तिसरी.

“आई, अगं, खेळ ना!”

“नको,” आई म्हणाली. “त्याचा मोडेल.”