फळी का पडते?

ट्रॅक्टरच्या मागची लोखंडी फळी कमरेएवढी वर गेली, क्षणभर थांबली आणि धाडकन खाली आली. मुरबाडहून आलेलं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं.

"फळी उचलणारी लिफ्ट अशी मध्येच दगा देते," सीटवरून दगडू म्हणाले. "जुना ट्रॅक्टर आहे. सांगितलेलं बरं."

गिऱ्हाईकानं हात जोडले आणि बाइक चालू केली. दगडूंच्या मुलानं, रत्नदीपनं, कपाळाला हात लावला. हे तिसरं. बाबांचा खरेपणा एक दिवस सगळ्यांना घेऊन बुडणार, असं त्याला वाटलं.

दगडूंचा धंदा टेनिस क्रिकेटच्या टुर्नामेंटसाठी मैदानं सपाट करून देण्याचा. त्यांची फळी फिरल्याशिवाय बाळकुम-माजिवड्यात टुर्नामेंटचा नारळ फुटत नसे. आता बहुतेक मैदानं टॉवरखाली गेली. उरलीत ती लांब, आणि दगडू सत्तरीला टेकलेले. ट्रॅक्टर विकून बाबांनी आपल्या ठाकुर्लीच्या फ्लॅटवर यावं, आराम करावा, हे रत्नदीपनं परस्पर ठरवून टाकलं होतं. दगडू त्यावर हो म्हणाले नव्हते आणि नाही पण म्हणाले नव्हते.

रत्नदीपनं प्रफुल्ल मेकॅनिकला बोलावलं. त्यानं ऑइल बदललं, जाळी धुतली, नवीन सील टाकले. दगडू त्याला पाने-पकड देत राहिले. मग फळी वर उचलून, तिच्यावर सिमेंटच्या गोणी लादून तिघं चहाला गेले. निवांत गप्पा मारून परत आले, तर फळी जिथल्या तिथे.

"लिफ्ट ठणठणीत आहे," प्रफुल्ल म्हणाला.

"मग गिऱ्हाईक आलं की हिला काय होतं रे?" रत्नदीपनं विचारलं.

प्रफुल्लनं दगडूंकडे बघायचं टाळलं. "पुढच्या वेळी तू मागे नको उभा राहू. पुढे राहा."

रविवारी चौथं गिऱ्हाईक आलं, पडघ्याचं. ते मागे गेलं, रत्नदीप पुढे. फळी वर गेली. दगडूंचा हात मांडीवरून सरकला आणि सीटशेजारचा लिव्हर त्यांनी हळूच ढकलला. फळी आदळली. बापलेकाची नजरानजर झाली.

जन्मात कुणाला खोटं न सांगितलेला तो माणूस मान खाली घालून बसला. रत्नदीपला कळलं, बाबांना एकदा नीट विचारलं असतं, तर त्यांच्यावर ही पाळी आली नसती. दगडूंनी फळी पुन्हा उचलली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. फळी हलली नाही.

"आता तर थांबली की," गिऱ्हाईक खुशीत म्हणालं. "अजून एकदा दाखवा, लगेच ठरवून टाकू."

"बाबा, तुम्ही उतरा," रत्नदीप म्हणाला. "मी दाखवतो."

तो सीटवर चढला. फळी कमरेएवढी वर घेतली, गिऱ्हाईक लांब उभं आहे ना ते पाहिलं, आणि लिव्हर ढकलून दिला.