मागची खरखर

"शांत," वाल्मीक आतून म्हणाला आणि त्याने टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबली.

आत म्हणजे गोधड्यांच्या आत. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात, कपाट आणि भिंत यांच्या मधल्या बोळकांडीत दोरी बांधून त्याने चारी बाजूंनी गोधड्या सोडल्या होत्या. मध्ये एक स्टूल, समोर टेपरेकॉर्डर आणि बांबूला बांधलेला नवाकोरा माइक. लोक देवघर सजवतात, याने हे सजवलं होतं. उन्हाळ्यात आत बसलं की घामाच्या धारा लागत, पण तक्रार करील तो वाल्मीक कसला. नाशिकभर रिक्षावरून वाजणाऱ्या कितीतरी जाहिराती त्याने इथंच बसून बोलल्या होत्या. निफाडच्या द्राक्षवाल्यांसाठी तर हा सगळा संसार पत्र्याच्या पेटीत भरून तो मळ्यावर गेला होता आणि तिथल्या शेडमध्ये गोधड्या टांगून बसला होता.

नियम एकच होता. 'शांत' म्हणायचा हक्क फक्त त्याचा. आधी तो कान देऊन बसे. शेजारच्या सिंधुबाईंचा नळ ठिबकत असला तरी त्याला आत कळे. मग त्याच्या बायकोने, सगुणाबाईने, जाऊन तो नळ घट्ट करून यायचा. घड्याळ उशीत गुंडाळायचं. स्टोव्ह विझवायचा. एकदा पीठ मळताना तिच्या बांगड्या वाजल्या म्हणून तो गोधडीतून डोकं काढून असा खेकसला होता, की ती दिवसभर त्याच्याशी बोलली नव्हती.

अलीकडे मात्र घर शांत झालं होतं. नळाची कटकट नाही, घड्याळाची नाही. वाल्मीकने सगळं श्रेय गोधड्यांना देऊन टाकलं. घरी येईल त्याला तो त्यांचे थर उलगडून दाखवी. फक्त माणसं हल्ली तोंडातल्या तोंडात का बोलतात, एवढं त्याला समजत नव्हतं.

आणि एवढं करून मुंबईहून दोनदा नकार आला होता. तिथल्या एका स्टुडिओला माहितीपटांसाठी मराठी आवाज हवा होता. वाल्मीकचा मित्र मोतीराम मुंबईच्या एसटीवर कंडक्टर होता. तोच कॅसेट पोचवी आणि तोच निरोप आणी. निरोप दोन्ही वेळा सारखा होता. आवाज सोन्यासारखा आहे, पण मागे सतत खरखर येते. वाल्मीकने कॅसेटची कंपनी बदलली. स्पिरिटच्या बोळ्याने टेपचं हेड पुसलं. शेवटी हा माइक आणला. आता ही कॅसेट शेवटची, यापुढे ऐकणार नाही, असं स्टुडिओवाल्यांनी बजावलं होतं. दुपारच्या गाडीने मोतीराम ती नेणार होता.

हे काम मिळालं असतं तर अंबडच्या कारखान्यातल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसपासून त्याची सुटका होती. त्या प्रेसने त्याचं एकच भलं केलं होतं, असं तो म्हणे. तिच्या दणदणाटात शेजारच्यालाही काही ऐकू जात नसे. म्हणून वर्षानुवर्षं तो तिच्या बाजूला उभा राहून, घसा मोकळा सोडून खुशाल सराव करत आला होता.

आज आवाज असा काही लागला की त्याचा तोच खूश झाला. शेवटचं वाक्य संपवून त्याने बटण दाबलं आणि गोधडी सारून हसत बाहेर आला.

समोर स्टोव्ह पेटला होता. निळ्या ज्योतीवर भाकरी फुगत होती आणि सगुणाबाई वाकून पंप मारत होती.

तो बघतच राहिला. हाच तो स्टोव्ह. हा पेटला की दोघांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं.

"कधी पेटवला?" त्याने विचारलं.

"तुमी शांत म्हनायच्या आधीच की." त्याच्याकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली. हल्ली ती असंच बोलायची. "मागल्या दोन्ही टायमाला बी चालूच व्हता. तुमी कायच बोलला नाय. मला वाटलं, आता तुमाला घरातला आवाज चालतो."

नवरा निवळला म्हणून तिला मनातून बरंही वाटलं होतं.

वाल्मीक खाली बसला आणि गाल भाजेपर्यंत त्याने कान स्टोव्हजवळ नेला. मग त्याने तिला हाताने खूण केली. सगुणाबाईने चावी सैल केली. ज्योत बसली, विझली. त्याला काही फरक जाणवला नाही. तो खूप घाबरला होता, आणि ते तिला त्याच्या तोंडावर दिसलं. तेव्हा कुठे तिला सगळं समजलं.

तो उठला आणि गोधड्यांची दोरी सोडायला लागला. तिने त्याचा हात धरला. दंडाला धरून त्याला आत नेलं, स्टुलावर बसवलं, कॅसेट पहिल्यापासून लावायला लावली. मग खोलीच्या मधोमध उभी राहून ती कान देऊन ऐकत राहिली. सिंधुबाईंकडे जाऊन नळ घट्ट करून आली. घड्याळ उशीत गुंडाळलं. बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या. पुन्हा एकदा नीट ऐकलं.

मग आपलं तोंड त्याला दिसावं म्हणून तिने गोधडीचा कोपरा उचलला.

"शांत हाय," ती म्हणाली. "बोला."