येऊ द्या!

शेवटच्या वळणावर गाडी थांबली. नुसती थांबली असती तरी चाललं असतं, पण ती सावकाश मागं सरकायला लागली. सवितानं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि शेजारी नवऱ्याकडं पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं. आप्पासाहेब खाली उतरून चाकामागं दगड लावत होते. दगड त्यांनी देवळाली प्रवरेहूनच डिकीत घालून आणला होता.

"मी म्हनलं हुतं," ते म्हणाले.

गाडी अकरा वर्षांची. जीपपेक्षा बुटकी, मोटारीपेक्षा उंच; कंपनीनं जीप करायला घेतली आणि मध्येच दिवाळीची सुट्टी लागली, अशी दिसायची. ती सविताला भंडारदऱ्याच्या वरच्या या वाडीतल्या धर्मादाय दवाखान्याला द्यायची होती. डॉक्टर स्नेहल यांनी फोनवर अट स्पष्ट सांगितली होती. "गाडी आपल्या ताकदीनं वर आली तरच घेऊ. दानात आलेल्या तीन गाड्या आम्ही ढकलत वर आणल्या. एकीत कोंबड्या राहतात, दुसरीत भाताचं बियाणं आहे, तिसरीत भजनी मंडळ बसतं. आजारी माणूस अजून झोळीत घालूनच खाली न्यावा लागतो."

वर, हाकेच्या अंतरावर, सगळी वाडी वाट बघत उभी होती. खाली भंगारवाल्या बाबाजानचा टेम्पो उभा होता. गाडी चढणार नाही याची आप्पासाहेबांना एवढी खात्री, की त्यांनी त्याला घरूनच बरोबर घेतलं होतं.

"वैनी, मला काय घाई न्हाई," बाबाजान दर पाच मिनिटांनी सांगत होता. टेम्पोतला त्याचा गॅसकटर सविताला आरशात दिसत होता.

तिनं पहिला गियर टाकला. पुढची चाकं मुरमावर गरागरा फिरली, जळका वास आला, गाडी जागची हलली नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा फक्त दगड हलला.

"सोड आता," आप्पासाहेब म्हणाले. "वय झालं तिचं. बाबाजान, दोर आन."

बाबाजान दोर घेऊन निघाला. सविता मुरमाकडं बघत राहिली. घरून डांबरीवर यायला असाच चढ होता, असाच मुरूम, आणि गोठ्यापुढं गाडी वळवायला जागा नाही. म्हणून रोज पहाटे दुधाचे कॅन घालून ती तो चढ उलटाच चढायची. आप्पासाहेब पाहुण्यारावळ्यांत रंगवून सांगायचे, "आमची बायकू डेरीला पाठमोरी जाती." लोक हसायचे. पण त्या चढावर गाडी एकदाही अडली नव्हती.

"अहो, दगड काढा."

"का?"

"काढा म्हनलं ना."

तिनं गाडी हळूहळू खाली सोडली. "चालली परत," वरून कुणीतरी हळहळलं. बाबाजाननं अदबीनं बाजूला होऊन वाट दिली. आंब्याखाली जरा रुंद जागा होती, तिथं तिनं गाडी वळवली. तोंड उताराकडं, पाठ वाडीकडं. मग मान मागं फिरवली आणि रिव्हर्स टाकला.

त्याबरोबर आरती सुरू झाली. रिव्हर्सचा हॉर्न आप्पासाहेबांनीच हौसेनं बसवला होता. गाडी मागं जात असेपर्यंत त्यातून आरतीची धून वाजायची. वाडीतल्या लोकांनी आरती ऐकली, पाठमोरी वर येणारी गाडी पाहिली, आणि काही सुचेना म्हणून चपला काढून हात जोडले.

चाकं एकदा घसरली. मग त्यांनी मुरूम धरला.

"येऊ द्या!" पहिली आरोळी ठोकली ती बाबाजाननं. दोर खांद्यावर टाकून तो डिकीच्या वरच्या अंगाला पळत होता. "येऊ द्या वैनी! डावीकडं, डावीकडं, बास! येऊ द्या!"

"आरं, तू कुनाच्या बाजूनं हाईस?" आप्पासाहेब खालून ओरडले.

"मालक, कुनी गाडी मागं घेत असलं की मला ऱ्हावत न्हाई!"

मग कुणालाच राहवेना. "येऊ द्या, येऊ द्या!" सगळी वाडी एका सुरात ओरडायला लागली, टाळ्या आरतीच्या ठेक्यात पडायला लागल्या. दगड छातीशी धरून आप्पासाहेब धापा टाकत चढत होते. अर्ध्यात आल्यावर त्यांचाही बांध फुटला. "येऊ दे सविता! आगं येऊ दे!" चारचौघांत त्यांनी तिचं नाव आजवर कधी घेतलं नव्हतं.

डिकी दवाखान्याच्या ओट्याला टेकली. आरती थांबली. लोकांनी सवयीनं जागच्या जागी एक गिरकी घेतली.

अंगण एवढं अरुंद की तिथं बैलही वळत नसे. डॉक्टर स्नेहल गाडीकडं बघत राहिल्या, मग तिच्या तोंडासमोरच्या उताराकडं. "म्हणजे वळवायची कटकटच नाही," त्या म्हणाल्या. "पेशंट घातला की सरळ खाली. घेतली!"

बाबाजाननं दोर गुंडाळून काखेत मारला आणि सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

सविता खाली उतरली. मान फिरलेली तशीच अडकली होती, त्यामुळं शाल-श्रीफळ घेताना ती डॉक्टरांकडं न बघता कोंबड्यांच्या गाडीकडं बघून हसत होती.

वाडीतले सगळ्यांत म्हातारे कानिफनाथबाबा सकाळपासून झेंडूचा हार धरून उभे होते. ते पुढं झाले, मागच्या काचेच्या वायपरला हार घातला आणि डिकीला कुंकू लावलं.

"बाबा, ते मागचं हाय," आप्पासाहेब म्हणाले. दगड अजून त्यांच्या छातीशीच होता. "गाडीचं पुढचं तिकडं."

बाबांनी त्यांच्याकडं पाहिलं, दगडाकडं पाहिलं.

"मागचं आसंल तुमच्या देवळालीत," ते म्हणाले. "हितं आधी हेच आलं."