टिकल्यांच्या तारखा

थप्. थप्. थप्.

सकाळचे सहा. राजेश्वरीनं पुस्तकातून मान वर केली. भाकरी थापायला अजून तासभर होता, आणि घरात ती थापणारी तीच एकटी.

स्वयंपाकघरात जाऊन बघते तो सासूबाई! गुडघ्यांपायी वर्षभर उभ्यानं काही न केलेल्या शरणम्मा ओट्याला पोट टेकवून भाकरी थापत होत्या.

"आत्या, अहो मी करते की! तुमचे गुडघे..."

"गुडघे हायत तितंच. तू जा, बस. नेम मोडू न्हाय."

"कसला नेम?"

शरणम्मांनी पिठाचं बोट भिंतीवरच्या कॅलेंडरकडं केलं. एक तारखेपासून बारा तारखेपर्यंत रोजच्या चौकोनात एकेक लाल टिकली. पुढं संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा, घरभर पाहुणे, आणि पाच चौकोन रिकामे.

"मला दिसत न्हाय व्हय? पहाटं उठतीस, आंघोळ करतीस, पोथी घेऊन बसतीस. पाहुण्यांच्या भाकऱ्या बडवण्यात पाच दिवस गेलं तुझं. आता मी हाय की. उपास असंल तर तेवढं सांग, साबुदाणा भिजवते."

पोथी म्हणजे वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं शिक्षक पात्रता परीक्षेचं पुस्तक. त्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा अक्कलकोटपासून जुळे सोलापूरपर्यंतच्या यच्चयावत नातेवाइकांनी निकाल विचारून घेतला होता. म्हणून यंदा एक जानेवारीला तिनं गुपचूप ठरवलं होतं. रोज एक तास अभ्यास, आणि झाला की त्या तारखेवर टिकली. पण ते पाच चौकोन काही बघवेनात. आज पुस्तक शेवटचं उघडायचं आणि कपाटावर टाकून द्यायचं, असं मनाशी म्हणूनच ती बसली होती.

खरं काय ते ओठांवर आलं.

"आत्या, तसं नाहीये ते. मी..."

"गप! बोलू नको." शरणम्मांनी पिठाचा हात आडवा केला. "देवाकडं मागितलेलं सांगितलं की फळ जातंय. कुठला देव, काय मागणं, मला काय बी कळायला नको. जा बघू, माझी भाकरी करपंल."

राजेश्वरी परत येऊन बसली. बराच वेळ एकच ओळ वाचत राहिली.

एवढ्यात सात वर्षांची आरोही डोळे चोळत आली आणि चादरीसकट तिच्या मांडीत शिरली.

"आई, आजी म्हणली तुला अजिबात त्रास द्यायचा नाही. तू देवाकडं काहीतरी मागतीयस ना?"

"हं."

आरोहीनं तोंड तिच्या कानाला लावलं.

"माझ्यासाठी मागतीस, का तुझ्यासाठी?"